भूक वाचली, ताट राहिलं
(मराठी आधुनिकतावादी साहित्यातल्या अन्नाविषयी)

आमच्या साजगावच्या विठोबाला लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. बाहेरगावचा माणूस हे नाव ऐकून आधी हसतो आणि मग जरा ओशाळतो, कारण आपण देवाला हसलो असं त्याला वाटतं. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. कार्तिकी एकादशीला इथे यात्रा भरते. देवळात टाळ-मृदंग, गळ्यात तुळशीची माळ, आणि बाहेरच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या राशी. भात कापून झालेलं असतं, हातात चार पैसे आलेले असतात. खालापूर-कर्जतकडची माणसं विठोबाच्या पाया पडतात आणि सुक्या मासळीची बेगमी करून घरी जातात. एकादशीचा उपास आणि पिशवीतले बोंबील यांचं आपसात भांडण आहे, असं आमच्या गावात कुणाला वाटल्याचं मी पाहिलेलं नाही.

या देवाची एक कथा सांगतात. तुकोबा मिरच्या विकायला या मुलखात येत. लोकांनी मिरच्या नेल्या, पैसे दिले नाहीत. उधारी थकली. तेव्हा विठ्ठल स्वतः दारोदार फिरला आणि भक्ताची वसुली करून दिली. कथेची ऐतिहासिक शहानिशा करण्याचं हे ठिकाण नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. या कथेत देव प्रसाद देत नाही, मेवा देत नाही, खाल्लेल्या मिरचीचे पैसे मागायला जातो.

ही कथा मी प्रथम आईकडून ऐकली. आई खोपोलीत खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक पडवी, दोन स्टोव्ह, एक चूल आणि आजूबाजूच्या कारखान्यांत काम करणारे वीस-बावीस 'मेंबर'. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून चौथीपासून वही माझ्याकडे आली. वहीत डाव्या बाजूला नावं, पुढे तारखा. जेवला की उभी रेघ, नाही जेवला की 'खा', म्हणजे खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा करून रक्कम. सगळ्यात खालच्या ओळीत आई मला त्या दिवशी काय शिजलं ते लिहायला लावायची: वाल, भात, भाकरी, सुकट. भाजी दोनदा तीच झाली की मेंबर कुरकुरतात, म्हणून ती नोंद. माझं शिक्षण बारावीवर थांबलं. पुढचं जे काही वाचलं ते वाचनालयातून आणि रद्दीवाल्याकडून. पण मला आज असं वाटतं की साहित्य वाचायचं पहिलं शिक्षण मला त्या वहीने दिलं.

प्रश्न असा आहे. गेली तीसेक वर्षं मी मराठी समीक्षा वाचते आहे. नवकविता, नवकथा, साठोत्तरी साहित्य, लघुअनियतकालिकांची चळवळ, दलित साहित्य यांवर भुकेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. भूक हा समीक्षेचा मान्य विषय आहे. त्यात व्यवस्था येते, वर्ग येतो, जात येते, अस्तित्व येतं. अन्न मात्र त्या मानाने फारच थोडं. काय शिजलं, कुणी शिजवलं, कुठे बसून खाल्लं, कुणाच्या शेजारी बसून खाल्लं, पैसे कुणी दिले, हे प्रश्न 'वातावरणनिर्मिती' या एका शब्दात गुंडाळले जातात. मी स्वतः सुरुवातीला जे दोन-तीन लेख लिहिले त्यांतही हेच केलं. या लेखात ते ताट थोडं जवळ ओढून बघायचं आहे.

परदेशी ताटं

युरोपीय आधुनिकतावादात अन्नाला मोठी जागा आहे. त्याची सगळ्यांना माहीत असलेली खूण म्हणजे प्रूस्तच्या कादंबरीतला चहात बुडवलेला मादलेनचा तुकडा. 1913 साली आलेल्या पहिल्या खंडात त्या एका घासातून कथकाचं सगळं बालपण उघडतं. अन्न म्हणजे आठवणीची किल्ली, ही कल्पना तिथून जगभर गेली आणि आपल्याकडच्या ललित लेखनात तर ठाण मांडून बसली. आजीच्या हातची आमटी, दिवाळीचा फराळ, आजोळचा फणस. हे लेखन मी हौसेने वाचते. पण ते आधुनिकतावादातल्या अन्नाच्या अनेक रूपांपैकी एकच रूप आहे.

जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये (1922) ब्लूम सकाळी मूत्रपिंड तळतो आणि बायकोला अंथरुणात न्याहारी नेऊन देतो. दुपारी तो एका हॉटेलात शिरतो, तिथल्या माणसांचं बकाबक खाणं बघून त्याला किळस येते, आणि तो दुसरीकडे जाऊन गॉर्गोन्झोला चीजचं सँडविच आणि बर्गंडीचा पेला घेतो. कुठे खायचं आणि कुठे नाही, यातून त्या माणसाचं शहराशी असलेलं नातं कळतं. काफ्काचा उपोषण-कलावंत, त्याच 1922 सालातला, पिंजऱ्यात बसून लोकांना आपला उपास दाखवतो आणि शेवटी कबूल करतो की आपल्याला आवडेल असं अन्नच मिळालं नाही, नाहीतर आपणही पोटभर खाल्लं असतं. इटलीत मारिनेत्तीने 1932 साली भविष्यवाद्यांचं पाकपुस्तक काढून पास्त्याविरुद्धच युद्ध पुकारलं.

मला सगळ्यांत उपयोगी पडली ती व्हर्जिनिया वुल्फ. 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये (1929) ती म्हणते की कादंबरीकार मेजवानीत कोण काय चतुर बोललं ते सांगतात, काय खाल्लं ते सांगत नाहीत. मग ती स्वतः दोन जेवणं सांगते. पुरुषांच्या कॉलेजातलं मासे आणि तित्तिराचं साग्रसंगीत जेवण, आणि बायकांच्या कॉलेजातलं पातळ सूप, गोमांस-बटाटे, शेवटी सुक्या आलुबुखाराबरोबर कस्टर्ड. भाषणबाजी न करता दोन ताटं शेजारी ठेवली की संस्थेचा पैसा कुणाकडे गेला ते दिसतं. वुल्फचा हा भाग वाचला तेव्हा मला आईची वही आठवली, कारण वहीसुद्धा हेच करत होती.

घरातून बाहेर पडलेलं अन्न

लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक 1910 सालचं. त्याच्या नावातच गृहीत धरलेलं आहे की अन्न गृहिणीचं, आणि गृहिणी घरातली. पण त्याच वर्षी टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, आणि 1915 साली लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटावरून नळांतून खाली पाडून खोपोलीत वीज तयार होऊ लागली. ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना गेली. आम्ही लहानपणी डोंगराच्या अंगावर ते जाडजूड नळ बघत मोठे झालो. मराठी साहित्यातली जी आधुनिक मुंबई, भोंग्यांची, पाळ्यांची, गर्दीची, तिचं एक टोक आमच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे.

गिरण्यांत आलेला कोकणातला, घाटावरचा गडी बहुधा एकटा असायचा. बायको-मुलं गावी. तो दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि खानावळीत जेवायचा. खानावळ चालवणारी बाई बहुतेक वेळा त्याच्याच गावाकडची, त्याच्याच चाळीतली. म्हणजे अन्न घरातून बाहेर पडलं, पण बाईच्या हातातून सुटलं नाही. फक्त आता त्याला दर लागला, खाडा लागला, उधारी लागली. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या खानावळवाल्या बायकांना बँकांची कर्जं मिळवून दिली. त्यांचं काम हे काम आहे, माया नाही, हे कागदावर यायला इतकी वर्षं लागली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. जेवणाऱ्यांचे पगार थांबले, तेव्हा त्या पगारांवर चालणाऱ्या चुलींचंही तेच झालं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मराठी आधुनिकतावादी साहित्यात जे अन्न महत्त्वाचं आहे ते घराबाहेरचं आहे: मेस, खानावळ, इराणी हॉटेल, फुटपाथ. त्यामुळे ते आठवण म्हणून क्वचित येतं. ते येतं हिशेब म्हणून. कोण किती खाऊन गेलं, कुणाचं देणं राहिलं, कुणाला वाढलंच नाही. आणि या हिशेबाने लेखनाला एक रूपही दिलं, ते म्हणजे यादी. वही, फलक, दरपत्रक, पदार्थांची नावं. नवीन साहित्याने तुटक, नोंदवजा, याद्यांची शैली परदेशातून घेतली असं आपण म्हणतो. थोडी घेतली असेलही. पण ती खानावळीच्या भिंतीवरही लावलेली होती.

मेस सेक्रेटरी

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 सालची. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, होस्टेलात राहतो आणि मेसचा सेक्रेटरी होतो. हिशेब बिघडतात, तोटा येतो, बापाच्या पैशांवर भार पडतो. 'कोसला'वर लिहिताना समीक्षकांनी एकटेपण, परात्मता, अर्थशून्यता, मनीचा मृत्यू यांवर भरपूर लिहिलं. मेस हा विनोदी भाग म्हणून बाजूला पडला.

मला तो प्रसंग कादंबरीच्या मधोमध असावा असा वाटतो. पांडुरंग खेड्यातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या घरी धान्य येतं, साठतं, शिजतं. कोण किती जेवलं हे तिथे कुणी लिहून ठेवत नाही. शहरात आल्यावर प्रथमच त्याला दुसऱ्यांच्या जेवणाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि त्याला तो जमत नाही. ज्याला आपण त्याचं जगापासून तुटणं म्हणतो, त्याचा एक अगदी साधा व्यावहारिक पुरावा म्हणजे ही फसलेली मेस. खानावळ चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हा प्रसंग पहिल्या वाचनात समजेल. आपलेपणा आणि वसुली ही दोन्ही कामं एकाच तोंडाने करायची असतात. पांडुरंगाला आपलेपणा मिरवायचा आहे आणि वसुलीची लाज वाटते. आई असत्या मुलाला दोन दिवसांत घरी पाठवती.

उंदीर

मर्ढेकरांच्या 'काही कविता' (1947) या संग्रहातली पिंपात मेलेल्या उंदरांची कविता मराठी नवकवितेची ओळखखूण बनली. महायुद्ध, यंत्रयुग, माणसाचं निरर्थक सामूहिक मरण, असे तिचे अर्थ लावले गेले आणि ते पटण्यासारखे आहेत. 'कोसला'तही सांगवीच्या घरातल्या उंदरांचं हत्याकांड आहे. त्याचंही वाचन हिंसा आणि अपराधभाव या अंगाने होतं.

माझी शंका वेगळी आहे. उंदीर आणि पिंप एकत्र का येतात? कारण पिंपात, कणगीत, कोठीत साठवण असते. उंदीर हा धान्याचा प्राणी आहे. मुंबईत 1943 पासून रेशनिंग होतं. त्याच साली बंगालमध्ये दुष्काळात माणसं मरत होती, आणि चित्तप्रसाद तिथे हिंडून भुकेल्या माणसांची शाईची रेखाटनं करत होता. धान्य मोजून मिळण्याच्या त्या काळात साठवणीच्या भांड्यात मेलेला उंदीर दिसणं ही केवळ तत्त्वज्ञानाची बाब नसावी. हे माझं वाचन आहे, कवीच्या हेतूबद्दलचा दावा नव्हे.

पण याहून पुढचं शिक्षण मला गावात मिळालं. आमच्याकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. भात कापून झालं की कातकरी माणसं बांधावरची बिळं खणायची. बिळात उंदीर मिळतो आणि उंदराने पोटासाठी साठवलेलं भातही मिळतं. उंदीर भाजून खायचा, भात सडून शिजवायचं. मालकाच्या शेतात राबून जे पदरात पडलं नाही, ते उंदराच्या कोठीतून काढायचं. या गोष्टीला गावात नाकं मुरडणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत आमच्या घरचेही होते. नंतर मर्ढेकर वाचले, 'कोसला' वाचली, त्यांवरची समीक्षा वाचली. एवढ्या मोठ्या चर्चेत उंदीर हा कुणाचं तरी जेवण असू शकतो, हा विचार मला तरी कुठे भेटला नाही. माझ्याही तो मनात आला नव्हता. मीही उंदराकडे 'प्रतीक' म्हणूनच बघत होते, बांधावरची बिळं डोळ्यांसमोर असूनही.

यात मर्ढेकरांचा किंवा नेमाड्यांचा दोष काढायचा नाही. कवितेने सगळ्यांचं सगळं सांगावं असं नसतं. दोष वाचनाचा आहे. ज्याची कोठी भरलेली आहे त्याला उंदीर नासाडी वाटतो, आणि ज्याला कोठीच नाही त्याला तो साठवण शोधून देणारा वाटतो. प्रतीकाचा अर्थ लावताना आपण कुठल्या घरात उभे आहोत हे समीक्षकाने सांगायला हवं.

भाकरी आणि ब्रह्म

नारायण सुर्वे उत्तरायुष्यात आमच्याच कर्जत तालुक्यात, नेरळला राहिले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेलेलं हे मूल. हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार, शाळेतला शिपाई, मग शिक्षक असा त्यांचा प्रवास. त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962). आपल्या संस्कारात अन्न हे पूर्णब्रह्म आहे, जेवायला बसताना आपण ते म्हणतो. ब्रह्मपद अन्नाला दिलं की शिजवणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला वेगळं काही द्यावं लागत नाही. सुर्व्यांनी ते पद उचलून कष्टणाऱ्या माणसाला दिलं, असं मला त्या नावातून ऐकू येतं. त्यांच्या कवितेत भाकरी आणि चंद्र एकत्र येतात ते सर्वांना पाठ आहे. त्या प्रतिमेचं इतकं कौतुक झालं की भाकरी पुन्हा चंद्रासारखीच लांब गेली. ती तव्यावर कुणीतरी थापलेली असते, हे विसरायला झालं.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (1972) शहराचं पोटच उघडं केलं, आणि त्यांच्या 'भूक' कवितेत भूक ही अवस्था राहत नाही, समोर उभं करून जाब विचारता येईल अशी व्यक्ती होते. दया पवारांचं 'बलुतं' (1978) तर नावापासूनच हिशेबाचं पुस्तक आहे. बलुतं म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. समीक्षेने या लेखनाला विद्रोहाच्या कप्प्यात ठेवलं आणि आधुनिकतावादाची चर्चा शेजारच्या कप्प्यात चालू ठेवली. अन्नाचा धागा धरला तर दोन्ही कप्पे एकच होतात. काफ्काच्या कलावंताला आवडीचं अन्न मिळत नाही म्हणून तो उपाशी राहतो. इथे आवडीचा प्रश्न येण्याआधीच वाटा ठरलेला आहे.

काचेचं कपाट

मुंबईच्या आधुनिकतेचं खरं सभागृह म्हणजे इराणी हॉटेल. संगमरवरी टेबल, भिंतीवर आरसे, बरणीत नानकटाई, एका चहावर दोन तास. शेजारी कोण येऊन बसलंय हे विचारायची सोय नाही. लिहिणाऱ्यांच्या एका पिढीच्या चर्चा अशा टेबलांवर झाल्या.

या हॉटेलने कवींना आणि चित्रकारांना वेगवेगळं दिलं. निस्सीम इझिकेल यांनी इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांसारखीच एक इंग्रजी कविता रचली. हे करू नका, ते करू नका, एवढ्याच ओळींतून शहर उभं राहतं. यादी स्वतःच कविता झाली. अरुण कोलटकरांच्या इराणी हॉटेलवरच्या कवितेत भिंतीवर इराणचा शहा आहे आणि काचेच्या कपाटात केक शिळा होत सडतो आहे. तो केक कुणी खात नाही, तो दाखवण्यासाठी आहे. सुधीर पटवर्धनांनी 1977 साली 'इराणी रेस्टॉरंट' नावाचं तैलचित्र केलं. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि लोकल, रस्ता, हॉटेल इथली माणसं रंगवत. त्यांच्या चित्रांत माणसं शेजारी असतात पण आपापल्यापुरती. घरात पंगत असते. हॉटेलात टेबल असतं. पंगतीत जात विचारून बसवतात, टेबलावर विचारत नाहीत, पण वाढणाऱ्याला तुम्ही जेवलात की नाही याची फिकीरही नसते. सुटकेतला आणि एकटेपणातला हा व्यवहार मराठी आधुनिकतावादाने ज्या जागी नेमका पकडला ती ही जागा.

चित्रकलेतल्या आणखी एका माणसाचं नाव इथे घ्यायला हवं. प्रोग्रेसिव्ह गटातले कृष्णाजी हौळाजी आरा. त्यांनी मुंबईत घरगडी म्हणून दिवस काढले, आणि पुढे फुलं-फळं-भांड्यांच्या स्थिरचित्रांसाठी ते नावाजले गेले. स्थिरचित्रातलं टेबल आपण नेहमी पाहुण्याच्या बाजूने बघतो. आरांनी ते टेबल मांडणाऱ्याच्या बाजूनेही पाहिलेलं होतं.

इडलीवाली

कोलटकरांचं 'काळा घोडा पोएम्स' 2004 साली, त्यांच्या अखेरच्या वर्षात आलं. पुस्तक इंग्रजीतलं, पण मी ते मराठी साहित्याच्या हिशेबातच धरते. कवीचं एक अंग इंग्रजीत लिहीत होतं, एवढंच. त्यातली काळ्या घोड्याच्या न्याहारीवरची दीर्घ कविता मला या सगळ्या विषयाचा कळस वाटते. जगात कुठे कोण त्या घटकेला काय खातंय याची फेरी मारत कविता मुंबईत येते. मग हॉटेलांची आणि पदार्थांची यादी लागते: ऑलिंपियाचा खिमापाव, कैलास पर्बतची पुरीभाजी, इराण्याचा ब्रून-मस्का, वेसाइड इनमधली अंडी आणि बेकन. हे सगळं होईपर्यंत रस्त्यामधल्या त्रिकोणी बेटावर बेघर, भणंग, पांगळी माणसं वाट बघत असतात. मग एक बाई इडल्या घेऊन येते. तिच्याभोवती जेवणारे जमतात, काही वेळ ते बेट म्हणजे एक हॉटेल होतं आणि थोड्या वेळाने सगळं नाहीसं होतं.

मराठी माणसाच्या आधुनिकतावादी कवितेत जेवण करून आणणारी बाई अशी मधोमध येऊन बसल्याचं हे मला सापडलेलं सर्वांत ठळक उदाहरण. तिच्याकडे येणाऱ्यांना ती भीक घालत नाही, इडली विकते. म्हणून खाणाऱ्यांचा मान राहतो. कोलटकरांनी याच पुस्तकात उंदरांचं औषध विकणाऱ्या माणसाच्या जेवणाच्या सुट्टीवरही कविता लिहिली आहे. मर्ढेकरांच्या पिंपापासून सुरू झालेला उंदीर इथे एका माणसाच्या पोटापाण्याचं साधन झाला, आणि कवीने त्या माणसाची जेवणाची वेळ पाहिली.

तरी एक राहतं. कोलटकर वेसाइड इनच्या खिडकीशी बसून हे जग पाहत असत. कविता काचेच्या आतून पाहते, आणि ती प्रेमाने पाहते. पण इडलीवालीची वही आपल्याला मिळत नाही. पीठ किती वाजता आंबवलं, तांदूळ कुठल्या भावाने घेतला, किती जणांनी उद्या देतो म्हणून हात हलवले.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) वाचलं तेव्हा मला ती वही कुणीतरी लिहायला घेतल्यासारखं वाटलं. मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. काय मिळत होतं, कसं टिकवायचे, कशाला चव म्हणायचे. त्या नावातला 'अ' ही माझ्या मते अलीकडच्या काळातली एक महत्त्वाची समीक्षा आहे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याचं माप देऊन लाखो नवशिक्या बायकांना हात दिला. पाटोळ्यांच्या पुस्तकाने विचारलं की ज्यांच्याकडे वाटीच नव्हती त्यांचं माप काय. ही दोन्ही पुस्तकं साहित्याच्या इतिहासात नाहीत. ती तिथे शेजारीशेजारी असावीत.

वही

आईची खानावळ ज्या कारखान्यावर चालायची तो एके वर्षी बंद झाला. मेंबर पांगले. अकरा जणांचं देणं राहिलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझ्याजवळ पत्ते होते. मी म्हटलं, "आई, पत्रं टाकू." ती म्हणाली, "टाक, पण पैशाचं लिहू नकोस. नोकरी लागली का, एवढं विचार." मी पत्रं टाकली. दोघांची उत्तरं आली, एकाने मनिऑर्डर केली. उरलेल्या नावांवर आईने मला काट मारू दिली नाही. माफही केलं नाही. "राहू दे तसंच," म्हणाली.

यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात आणि आपण त्याचं कौतुक करतो. आमच्या गावचा विठोबा मात्र वसुलीला निघतो. आईने दोन्ही केलं नाही. तिने नोंद ठेवली. मला आता वाटतं की मराठी आधुनिकतावादातलं उत्तम लेखन हेच करतं. हिशेब माफ करत नाही, वसूलही करू शकत नाही, पण नोंद खोडू देत नाही.

हा लेख लिहायला घेताना मी ती वही पुन्हा काढली. काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. त्या दिवशी शिजलेल्या पदार्थांची खालची ओळ मात्र बरीचशी शाबूत आहे. सगळी पानं उलटली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी वही लिहिणाऱ्या मला तेव्हा दिसली नव्हती. बावीस नावं आहेत, रोजची रेघ आहे, खाडे आहेत. ती स्वतः काय जेवली, कधी जेवली, याची नोंद एकाही पानावर नाही. मेंबर गेल्यावर ती पातेलं पुसून खायची, आणि मी तेव्हा वही मिटून अभ्यासाला बसलेली असायची.

यंदाच्या यात्रेत मी बोंबील घेईन तेव्हा विकणारीला भाव विचारण्याआधी एक विचारणार आहे, की बाई, तू सकाळपासून काही खाल्लंस का. प्रबंधात बसेल असा हा प्रश्न नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढची समीक्षा मला तिथून सुरू करायची आहे.